समाधीवरचा ऊन हात

भुताखेताच्या गोष्टी मी कायम हसून सोडून दिल्या. माहेर सांगलीचं, सासर रहिमतपूरचं, शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं... कुणाच्या अंगात आलं की मी आधी थर्मामीटर शोधणारी. तरी हे लिहितेय, कारण ते माझ्या हाताला लागलंय.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. गेल्या हिवाळ्यात सासूबाई आल्या होत्या — मी त्यांना आत्या म्हणते. त्यांचा धाकटा मुलगा, माझा दीर संदीप, फौजेत होता. बॉर्डरवर बर्फाचा कडा कोसळला, त्यात गेला. पेटी सीलबंद आली. उघडू नका म्हणाले. आत्यांनी वरून हात फिरवला, तेवढंच. तेव्हापासून त्या रडल्या नव्हत्या. त्याचं नावही घेत नव्हत्या.

एका दुपारी त्यांना आमच्या इथलं जुनं कॅथेड्रल दाखवायला नेलं. आत एका बिशपची समाधी आहे. वर संगमरवरी बिशप उताणा झोपलाय — एक हात छातीवर, एक कडेला. थंडी इतकी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. मी पाटी वाचत होते. आत्यांनी नमस्कार केला, कडेच्या हातावर हात ठेवला... आणि काढलाच नाही.

"ऊन हाय गं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, भास. मी बिशपच्या कपाळाला हात लावला — बर्फ. पायाला लावला — तसाच. मग त्या हाताला लावला आणि झटकन मागे घेतला. जित्या माणसाचा असावा तसा ऊन!

तिथं देखरेखीला एक वयस्कर बाई होत्या. खालून हीटरचा पाइप जातो का, मी विचारलं. नाही म्हणाल्या. त्यांनी स्वतः हात लावून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि आत्यांसाठी खुर्ची आणली.

आत्या तो हात धरून बसल्या. हळूहळू बोलू लागल्या. "थंडी लय वाजली असंल रं तुला," एवढंच मला नीट ऐकू आलं. मग त्या रडल्या, पुष्कळ रडल्या. शेवटी त्यांनीच हात सोडला, शालीनं डोळे पुसले.

"चल. गार पडला आता."

मी लावून पाहिला. खरंच गार पडला होता.

बसमध्ये घरापर्यंत त्या संदीपबद्दल बोलत होत्या. तो पोहायला कसा शिकला, शाळेतून कसा पळून यायचा...

नवरा म्हणतो, आईच्याच हाताची ऊब असेल. पण दगड इतक्या लवकर तापत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. मी नंतर कितीदा तरी जाऊन आले. हात गारच असतो. त्या दिवशीच्या उबेचं कारण मला आजही सापडलेलं नाही.

आत्यांना ते नकोच आहे. परवा फोनवर मी विचारलं, तो हात संदीपचा होता असं वाटतं का तुम्हाला?

त्या म्हणाल्या, "कुणाचा का असंना. हात व्हता."