मार्चमधली हरिणी

मी स्वतः कधी बंदूक चालवली नाही. पण कॉव्हेंट्रीला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांबरोबर सलग सात हिवाळे मी हरणांच्या शिकारीला गेले, आणि तिथली शिकार कशी नासत गेली ते जवळून पाहिलं. आजही पार्टीत कोणी हातात ग्लास घेऊन 'डिअर स्टॉकिंग'च्या गप्पा सुरू केल्या की माझी कानशिलं तापतात. नवरा लांबूनच खुणा करतो, नको, सोड.

काका म्हणजे अस्सल इंग्रज. कारच्या कारखान्यात टूलमेकर होते, रिटायर झालेले. आम्ही घरात त्यांना काका म्हणायचो. तोंडावर मात्र तिथल्या पद्धतीप्रमाणे नावानेच हाक. आम्ही पुण्याहून आलो त्याच वर्षी त्यांची बायको गेली होती. पहिल्या नोव्हेंबरात ते कागदात गुंडाळलेलं मांस घेऊन दारात उभे राहिले. "हरणाचं आहे. तुम्ही लोक खाता का?"

मी कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला आणि वाडगाभर त्यांना नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी वाडगा धुऊन आणून दिला. म्हणाले, "नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण संपवलं. हे कुठून येतं ते बघायचंय?"

शहराबाहेर वीसेक मिनिटांवर एका शेतकऱ्याचं ओकचं रान होतं, भोवती गव्हाची शेतं. फॅलो जातीची हरणं कोवळा गहू खायची, नवीन लावलेल्या झाडांची साल सोलायची. शेतकऱ्याने काकांना चार ओळींचं पत्र लिहून दिलं होतं, की माझ्या रानात शिकार करायला यांना परवानगी आहे. एवढाच कारभार. ख्रिसमसला एक तंगडी त्याच्या घरी पोचायची.

शनिवारी पहाटे आम्ही मचाणावर चढून बसायचो. माझ्याकडे फ्लास्क आणि दुर्बीण. काकांचे नियम कडक होते. हरणाच्या मागे गोळी अडवायला मातीचा चढ नसेल तर गोळी नाही. उभं राहायचा ढंग आवडला नाही तर गोळी नाही. डोक्यावर कधीच नाही, कारण हरीण डोकं हलवतं. "खात्री नसेल तर चहा प्यायचा आणि घरी जायचं," म्हणायचे. चारातल्या तीन शनिवारी आम्ही रिकाम्या हाताने परतायचो, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रेषही हलायची नाही. गोळी झाडली की मात्र जनावर जागच्या जागी कोसळायचं. मग ते टोपी काढून मिनिटभर गप्प उभे राहायचे. मला ते सगळं पटलं होतं. आमच्या घरी मटण पिशवीतून यायचं, त्यापेक्षा हे मला सरळ वाटायचं.

मग म्हाताऱ्या शेतकऱ्याचे गुडघे गेले आणि मळा मुलाच्या हातात आला. मुलगा चाळिशीचा, बोलायला गोड. त्याने शिकारीचे हक्क एका कंपनीला लीजवर दिले. ही कंपनी म्हणजे लंडनहून वीकेंडला क्लायंट आणून, रायफल हातात देऊन, मचाणावर बसवणारी मंडळी. काकांना त्याने बुधवार ठेवला. उपकार केल्यासारखा. मीही फ्लेक्सी टायमिंग घेऊन बुधवारी जाऊ लागले.

क्लायंटना शिंगं हवी असायची, भिंतीवर लावायला. त्यामुळे नर जायचे आणि माद्या वाढायच्या. शेजारच्या शेतांवर गोदामं उठली होती, तिथली हरणंही हाकलल्यासारखी आमच्या रानात आली. दोन-तीन वर्षांत हरणांनी खाऊन रान खालून साफ झालं. मेमध्ये ब्लूबेल्सच्या फुलांचा निळा गालिचा असायचा तिथे उघडी माती आणि लेंड्या. कंपनीने मग माद्यांचे स्वस्त दिवस काढले, शिकाऊ लोकांसाठी. त्यातच कायदा बदलला. पूर्वी फेब्रुवारी संपला की माद्यांची शिकार बंद व्हायची, आता मार्चअखेरपर्यंत मुभा मिळाली.

"मार्चमध्ये त्यांची पोटं बघितलीत कधी?" काका पेपर वाचताना म्हणाले. "हे लिहिणाऱ्याने चिरून बघावं." आपण मार्चमध्ये एकही मादी मारणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं. मला नाही, पेपरालाच सांगितलं असावं.

त्या मार्चमधल्या एका बुधवारी एक मादी कडेच्या झुडपातून बाहेर आली. मान विचित्र खाली घातलेली, बरगड्या मोजता येतील अशा. मी दुर्बीण लावली आणि पहिल्यांदा मला कळेचना मी काय बघतेय. तिला खालचा जबडा नव्हता. होता तो एका बाजूला वाळलेल्या चिंधीसारखा लोंबत होता. कोणीतरी डोक्यावर नेम धरला होता आणि तिने डोकं हलवलं होतं. दोन आठवडे तरी झाले असावेत. चरायला तोंडच नव्हतं, तरी ती गवतावर नाक घासत होती.

काकांनी रायफल उचलली. मार्चमध्ये मारलेली त्यांची ती एकच मादी. खाली उतरून त्यांनी तिचं पोट फाडलं. आत पिल्लू होतं, अंगावर लव आलेलं, खूरसुद्धा तयार. काका ओल्या मातीत बसले ते बसलेच. मी सुरी त्यांच्या हातातून काढून घेतली, पुसली, आणि तडक मळ्याच्या यार्डात गेले.

मुलगा लँडरोव्हरमध्ये खाद्याची पोती भरत होता. मी सगळं सांगितलं.

"माझ्याकडे रिपोर्ट आहे," तो म्हणाला. "या महिन्यात एकच शॉट चुकला. क्लीन मिस, कुठेच लागला नाही."

"क्लीन? तिचा जबडा उडवलाय. मागे कुत्रं घेऊन शोधलं का कोणी?"

"हे बघा, मलाही वाईट वाटतं. पण वाइल्डलाइफ आहे. असं होतं कधीकधी."

"गोळी वाइल्डलाइफने झाडली का?"

त्याचा गोडवा गेला. "परवानगी त्यांना आहे. तुम्ही माझ्या जमिनीवर काय करताय?"

यावर मी काय काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. सगळ्या मळ्याला ऐकू गेलं असेल एवढं नक्की.

आठवड्याभरात काकांना पत्र आलं. इन्शुरन्सच्या कारणास्तव यापुढे बुधवार देता येणार नाही. ते पत्र हातात घेऊनच काका माझ्या दारात आले. मला वाटलं आता दोघं मिळून त्या माणसाला शिव्या घालू.

"चाळीस वर्षं मी तोंड बंद ठेवून त्या रानात गेलो," ते म्हणाले. "तुला पाच मिनिटं जमलं नाही."

"तुम्ही तोंड बंद ठेवलंत म्हणूनच त्यांचं फावलं!"

मी बोलून गेले. ते वळले आणि निघून गेले. पुढचे दोन महिने कुंपणापलीकडून साधं हॅलोसुद्धा नाही. मला माझाही राग यायचा, पण तो पहिल्या रागाखाली दबून जायचा. शिकारीला जमीनच नाही तर काका बंदुकीचं सर्टिफिकेट कशाच्या जोरावर रिन्यू करणार? उन्हाळ्यात त्यांनी रायफल डीलरला देऊन टाकली. परत आले तेव्हा मी घरापुढच्या बागेत होते. "झालं," एवढंच म्हणाले. त्यानंतर आम्ही पुन्हा बोलायला लागलो.

त्या रानाच्या कडेने एक पब्लिक फुटपाथ जातो, म्हणजे कोणालाही चालायचा हक्क असलेली पायवाट. नोव्हेंबरात माद्यांचा मोसम सुरू झाला तशी एका शनिवारी पहाटे मी एकटीच तिथे गेले आणि मचाणासमोर वाटेवर उभी राहून टाळ्या वाजवू लागले. हरणं आत पळाली. मचाणावरून कंपनीचा माणूस उतरला, मागे नव्याकोऱ्या हिरव्या कपड्यांतला क्लायंट.

"वाट चुकलात का?" क्लायंटने हसत विचारलं, अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मला इंग्रजी येतं की नाही अशा शंकेने.

"मी वाटेवरच आहे," मी म्हटलं. "जखमी जनावराच्या मागे जायचं असतं, हे तुम्हाला कोणी शिकवलंय का?" त्याने कंपनीच्या माणसाकडे बघितलं. तो घड्याळाकडे बघत होता. मी टाळ्या चालू ठेवल्या.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"हात सुजले असतील." मग म्हणाले, "पुढच्या वेळी ते दुसऱ्या टोकाला बसतील."

"मग मी तिकडे जाईन."

"तिकडे फुटपाथ नाही."

तसंच झालं. पुढच्या शनिवारी मचाण रिकामं होतं. उजाडता उजाडता रानाच्या पलीकडून आवाज आला. लगेच दुसरा. बराच वेळ शांतता, आणि मग तिसरा. एका जनावराला तीन गोळ्या. मी त्या वाटेवर उभी राहून फुप्फुसं फाटेस्तोवर शिवी दिली, आधी मराठीत, आणि पाठोपाठ इंग्रजीत, म्हणजे त्यांना कळावी.