तुळसा कुबल यांचे आतडे आणि उजवा कौल

श्रीमती तुळसा मंगेश कुबल, माहेरच्या सीता बाबली तारी. जन्म १९६२, मृत्यू २०२४. वास्तव्य, विवाहापासून अखेरपर्यंत, कर्ली खाडीच्या काठच्या वाडीत. पती मंगेश हे ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, होते; ते अकाली वारले. तेव्हापासून तुळसाबाईंनी खाडीतल्या तिसऱ्या (शिंपले) काढून आणि विकून घर चालविले. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की कमरेइतक्या पाण्यात उतरावयाचे, पायांच्या बोटांनी वाळू चाचपावयाची आणि शिंपले हाताने उचलून कमरेच्या जाळीत टाकावयाचे, अशी या कामाची रीत आहे. त्यात त्यांचा हात धरणारे वाडीत कोणी नव्हते.

२०१७ च्या सुमारास त्यांना शौचावाटे रक्त जाऊ लागले. मूळव्याध समजून त्यांनी काही महिने कोकमाचे आगळ पाण्यातून घेतले. वजन उतरले, पाण्यात उभे राहवेना, तेव्हा कन्या संचिता त्यांना गोव्यातील एका रुग्णालयात घेऊन गेली. दुर्बिणीच्या तपासणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, असे निदान झाले आणि गोळ्या सुरू झाल्या.

या विकाराचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. आतड्याचे आतील अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. या पेशी कडेला कड लावून घट्ट सांधलेल्या असतात आणि त्यांवर बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप असतो. पाणी व क्षार आत घ्यावयाचे आणि जंतूंना बाहेरच ठेवावयाचे, हे या अस्तराचे काम. दाह झाला की लेप विरळ होतो, सांधे सैल पडतात आणि जंतूंचे अंश आतल्या थरात झिरपतात. शरीर त्यांच्यावर तुटून पडते. त्यामुळे दाह वाढतो आणि सांधे आणखी सैल होतात. औषधाने हे चक्र थांबते. परंतु रक्त प्रथम थांबते आणि अस्तर त्यानंतर पुष्कळ काळाने भरून येते. या दोहोंमधील अंतर रुग्णास जाणवत नाही.

डॉक्टरांनी हे सोप्या भाषेत सांगितले होते. "काकी, रक्त थांबलं तरी गोळी थांबवायची नाही. आतली कातडी कच्चीच असते."

"आतली कातडी तुमका दिसता," तुळसाबाई म्हणाल्या. "माका फकत रगात दिसता."

पावसाळा सरेपर्यंत रक्त थांबले. त्या पुन्हा खाडीत उतरू लागल्या. गोळ्या मात्र त्यांना जड वाटू लागल्या, आणि गावाच्या रीतीप्रमाणे त्यांनी ग्रामदेवतेस कौल लावण्याचे ठरविले. कौलात देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या लावतात. उजवीकडची पाकळी प्रथम पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. प्रश्न मांडण्याचे काम गुरवाचे. त्या वेळी गुरव होता गुरुदास, तुळसाबाईंना काकी म्हणणारा.

"बा देवा महाराजा," त्याने गाऱ्हाणे घातले, "ह्या तुझ्या लेकीचा रगात थांबला हा. ता खराच थांबला आसात, तर उजवो कौल दी!"

"व्हय महाराजा!" जमलेल्यांनी साथ दिली.

उजवी पाकळी पडली. तुळसाबाईंनी तो औषध सोडण्याचा हुकूम मानला. संचिताने विरोध केला, तेव्हा "देवापेक्षा तुझो डॉक्टर मोठो काय गो?" एवढेच त्या बोलल्या.

पुढच्या शिमग्याच्या आधी विकार उलटला, आणि पहिल्यापेक्षा तीव्र. रुग्णालयात रक्त चढवावे लागले. डॉक्टरांनी स्पष्ट केले की शिरेतून दिलेल्या औषधांना यश आले नाही, तर मोठे आतडे काढावे लागेल आणि पोटावर कायमची पिशवी लावावी लागेल.

"पिशयेबरोबर मी खाडीत कशी उतरतलंय?" तुळसाबाईंनी लेकीस विचारले. "कुर्ले धरतले पिशयेक!" खेकड्यांच्या या कल्पनेने त्या हसल्या, पण खाडी सुटणार या एकाच विचाराने त्यांची झोप गेली होती, असे संचिता सांगते.

गुरुदास प्रसाद घेऊन भेटीस आला.

"इलस? तुझ्या देवान बघ माका खंय पोचवल्यान!"

"देवाक बोल लावू नको, काकी. रगात थांबला काय, ह्या इचारला, ता देवान सांगल्यान. आतडा भरला काय म्हणान खंय इचारला?"

"इचारणारो तूच होतस रे मेल्या!"

शेजारच्या खाटेवरची बाई हसू लागली. गुरुदासाने प्रसादाची पुडी पुढे केली. तुळसाबाईंनी प्रसाद मात्र घेतला.

शस्त्रक्रियेसाठी कौल लावू काय, असे त्याने जाता जाता विचारले.

"नको," त्या म्हणाल्या. "संचिता, डॉक्टरांका इचार, परत नळी घालून कधी बघतले. आता तेंका दिसात तेव्हाच मी बरी."

शिरेतून दिलेले नवे इंजेक्शन लागू पडले आणि आतडे वाचले. दीड वर्षाने केलेल्या तपासणीत व्रण भरलेले दिसले. तरीही तपासणीसाठी काढलेल्या अस्तराच्या तुकड्यांत सूक्ष्म दाह शिल्लक होता, म्हणून औषध चालू राहिले. तुळसाबाईंनी ते पुन्हा सोडले नाही. आजारापूर्वीइतका वेळ नव्हे, तरी त्या पाण्यात उतरत राहिल्या. २०२४ च्या कार्तिकात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे घरीच निधन झाले. आतड्याशी त्याचा संबंध नव्हता, असे डॉक्टरांचे मत पडले.

देवळाच्या मानकऱ्यांनी बैठक घेऊन ठरविले आहे की औषध चालू असलेल्या आजाऱ्यासाठी कौल लावावयाचा असेल, तर डॉक्टरांचे म्हणणे प्रथम ऐकून घ्यावे आणि औषध सोडण्याबद्दल कौल लावूच नये. गुरुदास ते काटेकोरपणे पाळतो. तुळसाबाईंची पुढची दुर्बीण-तपासणी त्या मार्गशीर्षात व्हावयाची होती, ती राहिली. अस्तरातला शेवटचा दाह गेला होता की नाही, हे त्यामुळे कोणासही सांगता येत नाही.