रेशमी वायर आणि माझं पहिलं भाषण

जाड वायर घ्या, असं दुकानदारानं मला स्पष्ट सांगितलं होतं. पण तो नुसती वायर विकत होता. मी पडलो शिक्षक.

साठ सालानंतरची गोष्ट. कळंबात राहून मी हौशी रेडिओचा, म्हणजे घरून बिनतारी बोलायचा, परवाना मिळवला होता. लष्कराच्या भंगारातला माझा सेट मोटारीच्या बॅटरीवर चाले. तिच्या ॲसिडनं बायकोच्या लुगड्याला भोक पाडलं, तेव्हा बॅटरीची रवानगी गोठ्यात म्हशीशेजारी झाली. सेट बैठकीत. मधे चाळीस फूट अंतर.

दुकानात मी एकेक वायर चिमटीत चोळून पाहिली. एक पिवळी, रेशमी वेष्टनाची, सुतळीएवढी, हवी तशी वळणारी. मी हरखलोच.

"गुरुजी, खण घ्यायला आलाव का?" दुकानदार म्हणाला. "मऊ पायजे तर बारीक तारांचा जाड जुडगा घ्या. ही एवढी लांब टाकली तर निम्मी ताकद वाटंतच जिरंल."

"जाड वायर बैठकीत गावंढळ दिसते."

त्यानं हात जोडले आणि जाड वायरचे हातभर दोन तुकडे माझ्या पिशवीत टाकले. "असू द्या. पस्तावाल तवा लागतील."

रविवारी सकाळी दहाला पुण्याचे एक डॉक्टर मला हाक मारणार, असं पत्रानं ठरलं होतं. माझा पहिला संवाद! मी कोट चढवला, भाषण पाठ केलं, मुख्याध्यापकांना चहाला बोलावलं. दहाला डॉक्टरांचा आवाज खणखणीत आला. मी बोलायचं बटण दाबलं; दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. सेट एकदा कण्हला आणि गप्प. ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला भरपूर. ती रेशमातून येईना.

"ऐकताय का?" डॉक्टर विचारत होते. मी पेटीकडं बघून मान डोलावत होतो.

"लग्नापासून आज पहिल्यांदा तुम्ही कुणाचं नुसतं ऐकून घेताय," बायको दारातून म्हणाली. मुख्याध्यापकांनी कपात तोंड लपवलं.

"आणखी पाच मिनिटं हाक मारतो, मग बंद करतो," डॉक्टर म्हणाले.

माझा चेहरा बघून बायकोला दया आली असावी. "बॅटरी घरात येणार न्हाई. पण तुम्हाला गोठ्यात जायला कुणी अडवलंय?"

मी सेट उचलला. एरियलची तार धरून मुख्याध्यापक मागं. कोटासकट शेणात बसलो, ते दोन जाड तुकडे जोडले, बटण दाबलं. सेट गुरगुरला! मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हैस कानाशी ओरडली. दचकून माझं बटण सुटलं.

"आला, आला! आवाज आला!" पुण्याहून डॉक्टर आनंदानं म्हणाले. "थोडा घोगरा आहे, पण तुम्हाला लगेच ओळखलं. पुन्हा बोला!"