मीठ सापडत नाही

चष्म्याच्या दुकानातला फोन वाजला की चष्मेवाल्या काकूंच्या कपाळावर आठी पडायची. मालक रिसीव्हर त्यांच्यापुढे धरायचा. पलीकडे नवराच.

"अगं, मीठ कुठे आहे?"

काल साखर, परवा काडेपेटी. ज्या माणसाने उभा जन्म छापखान्यात बारीक अक्षरातल्या चुका पकडल्या, त्याला निवृत्त झाल्यावर ओट्यावरची बरणी दिसेना! काकूंचा नुसता संताप व्हायचा. घरी होत्या तेव्हा त्यांनी तरी छापखान्यात फोन करून काय कमी पिच्छा पुरवला होता? "अहो, निघालात का? बरे आहात ना?" त्यावर एकच उत्तर, "कामात आहे," की फोन बंद. मग त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. त्या खिडकीचा वीट आला म्हणून तर त्यांनी पन्नाशीत ही नोकरी धरली. चष्म्याच्या काड्या सरळ करायच्या, गिऱ्हाइकाच्या कानामागे टोचतंय का बघायचं. या कामावर त्यांचा जीव जडला होता.

आणि आता हा माणूस त्याच कामाच्या मुळावर उठला होता.

"काकू, हे शेवटचं," मालक म्हणाला. "उद्या मिठासाठी फोन आला, तर परवापासून तुम्ही घरीच बसून मीठ शोधा."

घरी जाऊन काकूंनी नवऱ्याला फैलावर घेतलं. "तुमच्या मिठापायी माझी नोकरी जाईल! कळतंय का काही?" तो मान खाली घालून नुसता "बरं" म्हणाला. सकाळी निघताना त्यांनी मिठाची बरणी उचलली आणि फोनला चिकटून ठेवली. घ्या, आता शोधा!

दुपारपर्यंत फोन वाजला नाही. जेवणाची वेळ टळली, तरी नाही. सुटले एकदाची, असं काकू स्वतःला बजावत होत्या आणि डावी काडी उजवीकडे बसवत होत्या. पडला तर नसेल? जेवला असेल का? त्यांना स्वतःचाच राग आला. स्क्रूड्रायव्हर आपटून त्या उठल्या.

"एक फोन करू द्या."

मालकाने कपाळाला हात लावला आणि फोन पुढे सरकवला.

पहिली घंटा पुरी व्हायच्या आत पलीकडून उचलला गेला.

"अहो, मीठ सापडलं का?"

"नाही गं," तो म्हणाला. "कधी निघतेस?"

"कामात आहे!" काकू खेकसल्या, पण रिसीव्हर काही त्यांनी खाली ठेवला नाही.