टाकीतलं जुनं पाणी

आमच्या डिचोलीच्या दुकानात मासे विकले जातात कमी, मेलेल्यांची चौकशीच जास्त होते. मी आणि माझा भागीदार सगुण घरोघरी जाऊन काचेच्या टाक्या साफ करतो. टाकीच्या तळाशी गाळ साचतो तसे आमच्याकडे किस्से साचतात. हसवायला म्हणून सांगायला घ्यावेत, तर बहुतेकांत शेवटी कुणीतरी मरतंच.

*

चवथ जवळ आली की आमचा फोन थांबत नाही. लोक घर रंगवतात, भांडी घासतात आणि त्याच झपाट्यात टाकीही रिकामी करून साबणाने लखलखीत करतात. गणपती यायच्या आत मासे गेलेले असतात. एका वहिनींनी उलट आम्हालाच झापलं, "इतकी स्वच्छ टाकी त्यांना कधी मिळाली होती?"

सगुण म्हणाला, "नाही ना वहिनी, म्हणून तर जगले होते."

*

कोल्हापूरहून इथल्या कारखान्यात आलेल्या एकाने नळाचं पाणी थेट टाकीत ओतलं. बाल्दीत भरून दिवसभर ठेवायचं असतं, मग औषधाचा वास उडतो, हे आम्ही सांगून थकलो होतो. "आम्ही बी ह्येच पितो की ओ!" तो म्हणाला.

सगुणने मेलेले मासे जाळीत गोळा करत विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

*

हरमलला खोल्या भाड्याने देणाऱ्या एका मालकाने हवेचा पंप चालू ठेवूनच टाकीत हात घातला. आम्ही पोचलो तेव्हा तो शॉक खाऊन जमिनीवर बसला होता आणि बायकोला सांगत होता, "प्लग काढू नको गो, माशांका वारो गावचो नाय."

तेव्हापासून आधी प्लग काढायचा हे आम्ही गिऱ्हाइकाच्या बायकोलाच शिकवतो.

*

आमचं ऐकणारा एकच होता, इब्रामपूरचा दिगंबर. शिरगावला खनिजाचा ट्रक चालवायचा. घरच्या विहिरीचं पाणी स्वतः काढून टाकीत भरायचा. एका वेळी तिसरा हिस्साच बदलायचा, बाकीचं जुनं राहू द्यायचं, हे त्याने एकदाच ऐकलं आणि पाळलं.

ट्रक उलटून तो गेला. आमच्या धंद्यात मरण रोजचं, पण त्या दिवशी आम्ही दुकान उघडलं नाही.

सुतक फिटायच्या दिवशी त्याच्या काकांनी मला बोलावलं. घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून झालं होतं. टाकी तेवढी राहिली होती आणि तिच्यापुढे त्याची आई बसली होती.

"ओतू नको रे," ती मला म्हणाली. "तेना भरलेला पानी हा."

"सुतकाचा पानी घरात ठेवतत काय?" काका म्हणाले. "ओत सगळा."

मी म्हटलं, "सगळा एकदम काढलंय तर मासे मरतले, काका. आज तिसरो हिस्सो काढून नवा पानी भरतंय. मगे दर आठवड्याक थोडा थोडा."

"तसा करून जुना पानी संपात मां?"

खोटं बोलवेना. "पुरा कधीच संपणा नाय. थोडा ऱ्हवताच."

आईने पदराने काच पुसली.

"मगे तसाच कर," ती म्हणाली.