तीन चांदण्यांपुरतं मागचं

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी उस्मानपुऱ्यात स्कूटरमध्ये हवा भरत होतो. फोन खिशात ठेवला आणि दुसऱ्या चाकातही हवा भरून घेतली. रडू आलं नाही... ते आपल्या सवडीनं येतं.

आम्ही एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो. तो फुलंब्रीहून एसटीनं यायचा आणि लिस्प नावाची जुनी संगणकभाषा जीव तोडून शिकवायचा. लिस्पमध्ये मागचं उत्तर परत हवं असेल तर एक चांदणी, म्हणजे * ही खूण, टाइप करायची. त्याआधीच्यासाठी दोन, त्याहून आधीच्यासाठी तीन. त्यापलीकडचं गेलं. गोम अशी, की चांदणी टाकून नुसतं पाहिलं तरी ते पाहणंच नवं उत्तर ठरतं आणि सगळ्यात जुनं गळून पडतं. पोरं इथं हमखास चुकायची. मग हा कावायचा, "बघायचं तर तिन्ही एकदम बघ! उगं सारखं डोकावलं की मागचं जातंय." घरीसुद्धा त्याचं हेच पालुपद.

निवृत्तीनंतर पुंडलिकनगरात राहायला आल्यावर त्यानं घरच्या संगणकावर लिस्पमध्येच एक प्रोग्रॅम लिहिला, गल्लीत नळाला पाणी कधी येईल ते सांगणारा. आमच्या शहरात याहून उपयोगी ज्योतिष नाही. शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी बुधवारीच दाखल व्हायला सांगितलं होतं. हा शुक्रवारी दाखल झाला आणि घरी परत आलाच नाही. तो गेल्यावर घरी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको, आमच्या वहिनी, कोरड्या आवाजात म्हणाल्या, "जिवापरीस मशीन मोठं व्हतं त्यांना."

काही आठवड्यांनी त्यांनीच बोलावलं. मशीन तसंच चालू होतं. "बंद करायच्या आधी तेवढं बघा भावजी, बुधवारी काय करत बसले व्हते."

पडदा कोरा होता, उत्तर मिळालं की पुसायची त्याची सवय. मी तिन्ही चांदण्या एकदम मागितल्या. गुरुवार, गुरुवार, गुरुवार.

म्हणजे पाणी कधी येईल याचं उत्तर एकदाच काढलं आणि मग दोनदा नुसतं डोकावून पाहिलं. जन्मभर ज्या चुकीवर पोरांना झापलं, तीच! मला हसू आलं. वहिनी हसल्या नाहीत.

"गुरुवारी पाणी आलं व्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "माझा गुडघा लई दुखायचा. मला एक हंडा उचलू दिला नाय. सगळं भरून ठिवलं, मगच..." त्या खाली बसल्या. आणि मला तेव्हा रडू आलं.

थोड्या वेळानं विचारलं, मशीन बंद करू का?

"नाय, राहू द्या. फकस्त परत डोकावू नका."

मी हात मागे घेतला. माझ्या एका पाहण्यानंही एक गुरुवार गळून पडला होता, ते मी त्यांना सांगितलं नाही. अजून दोन आहेत.