मधली काच कोरी

लातुरात शनिवारी बेनयामीन मास्तरांचं दार वाजवायचं नाही, हे आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यालाही ठाऊक आहे. त्या दिवशी मास्तर कुंचला धरत नाहीत, काच कापत नाहीत, गॅससुद्धा पेटवत नाहीत. शुक्रवारची भाजी खातात आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. आडनाव झिराडकर. मूळचे कोकणातले, अलिबागकडचे, घरात मराठी बोलणारे ज्यू. वडील आमच्या जुन्या छोट्या रुळांच्या रेल्वेवर गार्ड होते, म्हणून हे घर समुद्र सोडून इकडे आलं. भावंडं एकेक करून इस्रायलला गेली. पत्नी लेआबाई इथंच वारल्या. मुलगी रिबेका तिकडून रोज फोन करते, या म्हणते. मास्तर म्हणतात, "येतो की. हातातलं काम संपू दे." ते काम वीस वर्षं संपलेलं नाही.

आमची ओळख नाटकामुळे. मी कंपनीत नायिका होते तेव्हा मास्तर आमचे पडदे रंगवायचे. महाल, अरण्य, नदीचा घाट, काय मागाल ते. देवळाच्या पडद्यावर मात्र त्यांनी गाभाऱ्याचं दार बंद रंगवलं. मालक खवळले. "देव कुठंय?"

"आत हाय," मास्तर म्हणाले. "दार लावलंय."

खरं कारण त्यांनी मला नंतर सांगितलं. ज्याच्यापुढे कुणी हात जोडील असं चित्र काढायचं नाही, हा त्यांचा नेम. मी तीन वर्षं त्या बंद दारापुढे पदर पसरला. प्रेक्षक ढसाढसा रडायचे, आणि त्यातलं निम्मं श्रेय त्या दाराचं होतं हे मी आता कबूल करते.

तरुणपणी मुंबईच्या एका कारखान्यात ते रंगीत काचकाम शिकले. तिथं चर्चच्या खिडक्या दुरुस्तीला यायच्या. संतांचे चेहरे दुसरे कारागीर करायचे, मास्तर वेली आणि पानं. वडील आजारी पडले तसे लातूरला परतले आणि इथल्या व्यापाऱ्यांच्या दारांवर मोर, कमळं, एका शेटजींच्या हौसेखातर उसाचा फडसुद्धा बसवला. माणसांची चित्रं काढायचे ती वेगळीच. भूकंपानंतर कित्येक घरांत माणूसही गेलं होतं आणि त्याचा फोटोही. मास्तर नातेवाइकांना समोर बसवून विचारायचे, नाक कुणावर होतं, हसताना डोळे मिटायचे का. घरातले आपसांत भांडायचे आणि त्या भांडणातून हळूहळू चेहरा कागदावर यायचा.

गेल्या वर्षी अहमदपूरहून पंचफुलाबाई आल्या, मुलगा आनंदराज याला घेऊन. बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या वस्तीत नवं विहार बांधून झालं होतं. पूर्वेच्या भिंतीत, दिवंगत पती निवृत्ती यांच्या नावानं रंगीत काचेची खिडकी बसवायची होती, मधोमध बुद्ध. निवृत्तींचं चित्र पूर्वी मास्तरांनीच काढलं होतं, म्हणून कामही त्यांनाच द्यायचं, हा बाईंचा हट्ट.

"नजर जाऊन राहिली, मास्तर," त्या म्हणाल्या. "वैशाखी पुनवेला मला ती खिडकी बघायची हाय. पुढं काय भरवसा न्हाई."

मी तिथंच चहा पीत बसले होते. मास्तरांचा चेहरा उतरला. "बाई, झाड काढतो, हत्ती काढतो. बुद्ध न्हाई काढत."

"आमचं काम म्हणून?" आनंदराजचा आवाज एकदम ताठ झाला.

"तुझ्या बापाचं चित्र काढलं, ते कुणाचं होतं?" मास्तरांनी विचारलं आणि मग आपला नेम समजावून सांगितला.

पंचफुलाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे देव काढायचा न्हाई."

"हाव."

"मग अडलं कुठं? बुद्ध देव न्हाई, गुरू हाय. आम्ही त्याच्याकडं काही मागत न्हाई."

"पण हात जोडता की."

"मी तुमाला बी जोडते."

"आठ दिवस द्या," मास्तर म्हणाले.

त्या आठ दिवसांत त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. रिबेकाकरवी तिकडच्या धर्मगुरूंनाही विचारून झालं. उत्तर आलं, काम सोडून द्या. "सोडायचंच असतं तर विचारलं कशाला असतं?" मास्तर माझ्यावरच चिडले.

नवव्या दिवशी मायलेक परत आले. निदान रंग तरी ठरवू म्हणून मास्तरांनी उजेडाकडे एक लाल तुकडा धरला, बाईंच्या थेट समोर. "काय दिसतं?"

"धूर."

त्यांनी पिवळा धरला. तोही धूर. मास्तरांचा हात दुखला तसा त्यांनी तो बाजूला खाली घेतला, आणि बाई म्हणाल्या, "पिवळा. आता दिसला."

मास्तरांनी तुकडा मधे नेला, दिसेनासा झाला. कडेला नेला, दिसला. डोळ्याचा मधला भाग गेला होता, कडा तेवढ्या शाबूत होत्या.

"आई, माझं तोंड?" आनंदराजनं विचारलं.

"आवाज हाय की तुझा."

"कवापासून?"

"दिवाळीपासून. सांगितलं असतं तर कामधंदा सोडून उशाला बसला असतास."

आनंदराज भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मास्तरांनी मात्र कागद ओढला. चारी कडांना पिंपळाची मोठाली पानं काढली आणि मधला भाग तसाच सोडला. "मधी बुद्ध केला तर तो गावाला दिसंल, तुमाला सोडून. पानं दिसतील तुमाला."

"म्हंजे तुमचा नेम बी राहिला."

"त्यासाठी न्हाई सांगत."

"थोडं त्यासाठी बी सांगून राहिलात."

"थोडं," मास्तर म्हणाले, आणि सगळेच हसले.

विहाराच्या मंडळींची समजूत आनंदराजनं घातली. मूर्ती खाली आहेच, खिडकीला झाडच शोभंल, म्हणाला. दोन महिने मास्तर खपले. प्रत्येक रंग बाईंच्या डोळ्याच्या कडेला धरून पारखला, मगच कापला. शिशाच्या पट्ट्यांत एकेक पान बसवून सांधे कथलाच्या डागानं जोडले.

पौर्णिमेला आम्ही दोघं पहाटेच्या एसटीनं अहमदपूरला पोचलो. वंदना झाली, ऊन खिडकीवर आलं. सगळं विहार खिडकीकडे बघत होतं. पंचफुलाबाई तेवढ्या तोंड फिरवून बाजूच्या भिंतीकडे, विजेच्या बटणांच्या पाटीकडे बघत बसल्या होत्या. मागं बाया कुजबुजल्या, म्हातारीला आवडलं न्हाई वाटतं. मास्तरांनी माझं मनगट घट्ट धरलं.

मग बाईंचं बोट उठलं. मान तशीच फिरवलेली. "वर पिवळी पाच. खाली हिरवी... सात. कोपऱ्यात एक निळं. निळं पान असतं का कुठं?"

"कोवळं हाय ते," मास्तर म्हणाले.

"आन मधी काय ठेवलं?"

"कोरी काच. पलीकडचा लिंब दिसतो."

"मला तर तिथं बुद्ध दिसून राहिला."

मास्तर वाद घालतील असं मला वाटलं. ते खाली चटईवर बसले. "असंल, बाई," म्हणाले. "तो मी काढलेला न्हाई."

"मी कुठं म्हणते तुमी काढला?" बाईंनी बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली. "बसा नीट. खीर वाढून राहिलेत."